मृगाच्या पावसात वाजणारी खोटी घंटा : जमिनीत पुरलेल्या कार्बनची गळती ओळखायची कशी?

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की मराठवाड्यातलं काळं रान काही तासांत जागं होतं. उन्हाळाभर कोरड्या ढेकळांत निपचित पडलेले जिवाणू ओल मिळताच कामाला लागतात, पालापाचोळा आणि मेलेली मुळं कुजवायला घेतात, आणि जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट वर येतो. त्या रानात गळती शोधणारा सेन्सर पुरलेला असेल तर तो त्या रात्री हमखास बोंब मारणार. खाली गळती शून्य.

जमिनीखालच्या कार्बन साठ्यावर वायरलेस सेन्सरने पहारा ठेवण्यातली खरी अडचण इथे आहे. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कामावरच्या बोलीत सीओटू, मोजणं आता सोपं झालंय. सापडलेला सीओटू कोणाचा, हे ठरवणं अवघड आहे.

आधी साठ्याबद्दल थोडं. वीजकेंद्र, सिमेंट किंवा पोलाद कारखान्याच्या धुरातला सीओटू वेगळा काढायचा, दाबायचा आणि खोल खडकात सोडायचा, अशी ही योजना. ३१ अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि ७४ बारच्या वर दाब असला की हा वायू जवळपास द्रवाइतका दाट होतो. साधारण ८०० मीटर खोलीला ही स्थिती मिळते, म्हणून बहुतेक साठे त्याखालीच असतात. वर न झिरपणाऱ्या खडकाचं झाकण लागतं. नॉर्वेच्या हद्दीतल्या उत्तर समुद्रात स्लाइप्नर इथे १९९६ पासून वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास वायू असा पुरला गेला.

आपल्या पायाखाली आहे तो बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. त्याची रीत वेगळी. आइसलंडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवलेला सीओटू बेसाल्टमध्ये सोडला, आणि दोन वर्षांच्या आत त्यातला सुमारे ९५ टक्के खडकातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून चुनखडीसारखा घट्ट दगड झाला. हे ऐकून दख्खनच्या पठाराकडे बोट दाखवणारे बरेच आहेत. पण त्या पद्धतीत एका टनाला २५ टनांच्या आसपास पाणी लागतं. परळीचं औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचूनच बंद पडलं होतं, हे विसरून चालणार नाही. शिवाय बेसाल्ट सगळीकडे सारखा जाड नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जे खोल छिद्र घेतलं, त्यात बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला आणि खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. ८०० मीटरचा हिशेब तिथे बेसाल्टमध्ये बसतच नाही. मराठवाड्यात असा साठा आज नाही. उद्या जवळपास कुठे झाला, तर पहारा कसा लावावा लागेल आणि इथली माती, पिकं आणि हवा त्यात काय काय अडचणी आणतील, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

वायू वर येतो कुठून

खडकातून सरसकट पाझरून वायू वर येईल, ही भीती बहुतेक वेळा चुकीची असते. तो फटीतून येतो, आणि सगळ्यात मोठी फट माणसानेच पाडलेली असते. वायू सोडायची विहीर, तिच्याभोवतीचं सिमेंट, निरीक्षणासाठी घेतलेली छिद्रं आणि जुनी, नीट न बुजवलेली बोअर. ओलसर सीओटू आम्लासारखा वागतो, पोलाद खातो आणि सिमेंट कमजोर करतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डीकेटर इथे २०२४ मध्ये गळती उघडकीला आली, ती निरीक्षण विहिरीतल्याच गंजलेल्या भागातून, जवळपास दीड किलोमीटर खोलवर. जमिनीवर हजार सेन्सर मांडले असते तरी त्यातल्या एकालाही ती कळली नसती.

म्हणून एक गोष्ट आधीच मान्य करायची. खोल विहिरींतले दाबमापक हे पहिले पहारेकरी आणि जमिनीवरचं वायरलेस जाळं शेवटचं. शेवटच्या पहारेकऱ्याकडून पहिल्याचं काम होत नाही. पण लोक, गुरं आणि विहिरी जमिनीच्या वर असतात, त्यामुळे त्याच्यावाचून भागतही नाही.

बेसाल्टमध्ये आणखी दोन वाटा असतात. लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर बसला, त्या सांध्यात फोडाफोडांचा सच्छिद्र खडक आणि तांबडा मातकट पट्टा असतो. बोअर घेताना पाणी कुठे लागतं हे ज्याला कळतं, त्याला हे सांधे ओळखीचे असतात. वायू याच सांध्यांतून आडवा सरकतो आणि उभी भेग किंवा बोअर भेटली की वर चढतो. शेतातली दोनशे-तीनशे मीटरची बोअर साठ्यापर्यंत पोचत नाही हे खरं, पण आडव्या आलेल्या वायूला शेवटच्या टप्प्यात ती धुराड्यासारखी उपयोगी पडते. जाळं मांडण्याआधी म्हणून गावातल्या चालू, कोरड्या आणि बुजलेल्या अशा सगळ्या बोअरची यादी करायची. कागदावर नसलेल्या बोअर गावातल्या जुन्या बोअरवाल्याला किंवा पाणाड्याला विचारल्याशिवाय सापडत नाहीत.

सेन्सरच्या पोटात काय असतं

वापरात असतो तो अवरक्त किरणांचा सेन्सर. एका टोकाला बारीक दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा, मध्ये वायूची नळी. सीओटूचे रेणू ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश गिळतात. डोळ्यापर्यंत तो जितका कमी पोचेल, तितका वायू जास्त.

खरेदीतच पहिली चूक होते. घरातल्या हवेसाठी बनलेला स्वस्त सेन्सर ४०० ते ५,००० किंवा १०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) एवढंच मोजतो. उघड्या हवेत सीओटू ४२० पीपीएमच्या थोडा वर असतो, पण हातभर खोल मातीत तो अर्ध्या टक्क्यापासून चार-पाच टक्क्यांपर्यंत सहज जातो, आणि एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. मातीत पुरायचा सेन्सर निदान २० टक्क्यांपर्यंत मोजणारा हवा. हवेत टांगायचा वेगळा.

दुसरी चूक त्याहून घातक. अशा बहुतेक सेन्सरमध्ये स्वतःला आपोआप दुरुस्त करण्याची सोय चालू करूनच दिलेली असते. गेल्या आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, असं धरून तो त्याला ४०० ठरवतो. ऑफिसात हे ठीक आहे, कारण रात्री माणसं घरी जातात. मातीत मोकळी हवा कधीच येत नाही. सेन्सर दोन टक्क्यांना ४०० म्हणू लागतो, आणि हळूहळू वाढणारी गळती आठवड्या-आठवड्याला पुसून टाकतो. ही सोय बंद केल्याची खात्री प्रत्येक नगावर करायची. वीज जाऊन परत आल्यावर ती पुन्हा आपोआप चालू होत नाही ना, हेही पाहायचं.

तिसरी गोष्ट दाबाची. सेन्सर रेणू मोजतो, टक्केवारी हिशेबाने काढतो. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, आणि आकडाही तेवढाच कमी दिसतो. शंभर-दोनशे रुपयांचा दाबमापक शेजारी लावला की हा फरक काढून टाकता येतो.

काळ्या मातीत नळी बसवणं

चाळीस किंवा पन्नास मिलिमीटरची पीव्हीसी नळी, खालच्या पंधरा सेंटिमीटरला भोकं, त्यावर बारीक जाळी, भोवती धुतलेली खडी आणि वर बेंटोनाइटचा, म्हणजे ओल लागली की फुगून फट बुजवणाऱ्या मातीचा, बूच. पुस्तकात एवढंच असतं. आपल्याकडची काळी माती मात्र चैत्र-वैशाखात भेगाळते, आणि भेग सगळ्यात आधी नळीच्या कडेनेच पडते. वरची हवा त्या फटीतून थेट खाली उतरते आणि आकडा एप्रिल-मेमध्ये गुपचूप घसरतो. बेंटोनाइटही सुकला की आकसतो. तेव्हा बूच वरच्या वितभरात ठेवायचा नाही, ओल टिकते तिथे, म्हणजे दीड-दोन फुटांखाली भरायचा. नळीभोवती मीटरभर रुंद जाड प्लास्टिकचा घेर मातीखाली अंथरायचा. जिथे काळी माती उथळ आहे, तिथे सरळ मुरमापर्यंत जावं. मुरूम फुगत नाही, आकसत नाही; आमच्या मते मराठवाड्यात यासारखी जागा नाही.

पावसाळ्यात उलटा त्रास. नळीत पाणी चढतं आणि सेन्सर बुडतो. टेफ्लॉनची सच्छिद्र टोपी पाणी अडवते, वायू आत सोडते. पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. सेन्सर उपड्या पेल्यासारख्या कप्प्यात बसवला की पाणी चढलं तरी वर हवेचा फुगा राहतो. मातीतली हवा कायम दमट असते, त्यामुळे आतल्या आरशावर दहिवर धरतं आणि आकडा उगाच फुगतो. वाचन घेण्याआधी सेन्सर दोनेक मिनिटं चालू ठेवून गरम होऊ दिला की हे बरंच टळतं, पण त्याची किंमत बॅटरी मोजते.

ती किंमत अशी. सेन्सर ६० मिलिअँपिअर ओढतो आणि दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं चालतो असं धरा. दिवसाला ४८ वाचनं, म्हणजे ९६ मिनिटं, म्हणजे ५ व्होल्टला साधारण ९६ मिलिअँपिअर-तास. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या ३.२ व्होल्टच्या सेलवरून हे व्होल्टेज चढवताना थोडं वाया जातं. सेलचं व्होल्टेजही कमी, त्यामुळे त्यातून जवळपास १७५ मिलिअँपिअर-तास जातात. सहा अँपिअर-तासाचा सेल उन्हाशिवाय महिनाभर तगतो, आणि पाच वॅटचं पॅनल त्याला पुरून उरतं. रेडिओ आणि बाकीचं सर्किट या हिशेबात चिल्लर आहे, झोपेत ते काही मायक्रोअँपिअरवर राहतं. पांढऱ्या रंगाचा, सावलीची टोपी असलेला डबा हवा, कारण मे महिन्यात बंद डब्याच्या आत ६० अंश सहज होतात.

आकडा घरी कसा पोचतो

मातीच्या आतून रेडिओ लहरी पाठवायच्या नाहीत. ओली चिकणमाती त्या काही मीटरात गिळते. सेन्सर खाली, अँटेना खांबावर. लांबच्या पल्ल्यासाठी लोरा हा प्रकार सोयीचा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात त्याला परवाना लागत नाही. दहा-बारा मीटर उंच खांबावर गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरचे निरोप गोळा करणारं यंत्र, बसवला तर सपाट रानात तीन-पाच किलोमीटरवरचे सेन्सर ऐकू येतात. बालाघाटच्या चढउतारात तेवढी अपेक्षा ठेवू नये, तिथे दोन गेटवे लागतात.

वायफायसारख्या २.४ गिगाहर्ट्झवर, एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे निरोप देणारी जाळीही बनते. तिची चाचणी बहुधा मे महिन्यात होते आणि सगळं सुरेख चालतं. सप्टेंबरात ऊस नाहीतर मका माणसापेक्षा उंच झाला, पानं पावसाने ओली झाली, की अर्धं जाळं मुकं होतं. पाण्याने भरलेलं पीक ही लहर शोषून घेतं. चाचणी उभ्या पिकात आणि पाऊस पडून गेल्यावरच घ्यावी.

निरोप छोटा ठेवायचा: सीओटू, ऑक्सिजन, तापमान, आर्द्रता, दाब आणि बॅटरीचं व्होल्टेज, मिळून बारा-सोळा बाइट. लोरामध्ये जवळचा सेन्सर हा निरोप सेकंदाच्या शतांशांत देतो. दूरच्याला सगळ्यात मंद गती वापरावी लागली तर सेकंदाच्या वर वेळ जातो, जवळपास वीस-पंचवीसपट. तेवढी बॅटरी जाते आणि बाकीच्यांशी टक्करही होते. आणि भारनियमनात गेटवे बंद पडणार हे गृहीत धरून प्रत्येक सेन्सरने शेवटच्या काही दिवसांची वाचनं वेळेसकट स्वतःपाशी साठवायची. नाहीतर नेमक्या हव्या त्या रात्रीची नोंद गायब असते.

रोटाव्हेटर, उंदीर, वाळवी, मुंग्यांची वारुळं आणि पॅनल चोरणारे, हे पाच शत्रू कुठल्याच पत्रकात नसतात. नळी बांधावर घ्यावी म्हटलं तर बांधावर बाभळी-लिंब असतात, आणि मुळांच्या श्वासाने तिथला आकडा मुळातच चढा राहतो. चालेल, फक्त ते नोंदवून ठेवा.

बुद्धिबळाचा पट मांडू नका

एक चौरस किलोमीटरवर पन्नास-पन्नास मीटरवर सेन्सर मांडले तर चारशे लागतात. नकाशा छान दिसतो. पण गळती जमिनीवर येते ती काही मीटरच्या ठिपक्यात. अमेरिकेत मोंटानामध्ये संशोधकांनी दोनेक मीटर खोल आडवी नळी पुरून मुद्दाम वायू सोडला, तेव्हाही तो नळीभर सारखा न येता ठिकठिकाणच्या ठिपक्यांतून आला. पाच मीटर व्यासाचा ठिपका म्हणजे वीस चौरस मीटर, आणि एका सेन्सरच्या वाट्याला अडीच हजार. नेमका ठिपक्यात सेन्सर असण्याची शक्यता एक टक्काही नाही.

तेच पैसे वाटांवर लावावेत. वायू सोडायच्या विहिरीच्या तोंडाभोवती पाच-सहा, प्रत्येक जुन्या बोअरजवळ एक मातीत आणि एक बोअरच्या तोंडात, ज्ञात भेगांच्या रेषेवर काही, आणि सखल जागी. सीओटू हवेच्या दीडपट जड असतो, वारा पडल्यावर ओढ्या-नाल्यांत आणि खड्ड्यांत साचतो. हवेतला सेन्सर माणसाच्या उंचीला टांगला तर वाऱ्याने पातळ झालेला वायू त्याला दिसत नाही. एक वितभर उंचीला, दुसरा दोन मीटरवर, आणि पाहायचा दोघांतला फरक. साठ्यापासून दूर, तीच माती आणि तेच पीक असलेल्या रानात चार-पाच सेन्सर तुलनेसाठी ठेवायचे. यांवर पैसे वाचवणारे पुढे फार भोगतात.

कोणाचा सीओटू?

आता मूळ प्रश्न. मातीचा आकडा रोज हलतो. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो; सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारला कमी. दाब उतरला की माती वायू सोडते. ठिबक चालू केलं की आकडा हलतो. शेणखत टाकलं की महिनाभर चढा राहतो. थंडीतल्या पहाटे वारा पडलेला असताना जमिनीलगतच्या हवेतही तो वाढलेला दिसतो. अमुक आकड्याच्या वर गेला की घंटा, असा नियम केला तर घंटा पावसाळाभर वाजत राहील आणि ऑगस्टपर्यंत कोणीतरी तिची वायर काढून ठेवेल.

साठा सुरू होण्याआधी वर्षभर मोजून पाया ठरवावा, हा नेहमीचा सल्ला. मराठवाड्यात एक वर्ष पुरत नाही. पाया कोरड्या वर्षी बांधला आणि पुढलं वर्ष ओलं निघालं, तर सगळं रान गळतंय असं दिसेल.

यातून सुटायची चांगली वाट टेक्सास विद्यापीठातल्या कॅथरिन रोमानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. नुसता सीओटू पाहू नका, सोबत ऑक्सिजन पाहा. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात तेव्हा एक भाग ऑक्सिजन खाऊन एक भाग सीओटू देतात. दोघांची बेरीज हवेतल्याइतकीच, २१ टक्क्यांच्या आसपास राहते. सीओटू ५ टक्के असेल तर ऑक्सिजन १६. खालून परका वायू घुसला तर तो कोणाचा ऑक्सिजन खात नाही, फक्त सगळ्यांना ढकलून जागा करतो. तेव्हा सीओटू ५ टक्के असतानाही ऑक्सिजन १९.९ राहतो आणि बेरीज जवळपास २५ होते. मातीतला वायू पाण्यात विरघळतो, काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांशी जुळतो, त्यामुळे बेरीज कधीकधी २१ च्या खाली येते. खाली आली तर चिंता नाही. वर गेली तर उठायचं. यासाठी पायाभूत वर्षाचीही गरज नाही, आणि मृगाचा पाऊस या हिशेबाला फसवू शकत नाही. कॅनडातल्या वेबर्न इथे २०११ मध्ये शेतात साठ्यातला वायू येतोय असा आरोप झाला, तेव्हा याच पद्धतीने तपासून तो मातीचाच श्वास असल्याचं दाखवता आलं.

मर्यादाही आहे. स्वस्त ऑक्सिजन सेन्सर अर्धा टक्का इकडेतिकडे दाखवतो, उन्हाने हलतो आणि दोनेक वर्षांत संपतो. बेरीज २२ च्या वर गेल्याशिवाय विश्वास ठेवू नये. म्हणजे मातीच्या हवेत सव्वा टक्क्यापेक्षा कमी परका वायू असेल तर ही जोडी तो पकडू शकत नाही. दर सहा महिन्यांनी नायट्रोजनमध्ये ५ टक्के सीओटू मिसळलेल्या सिलिंडरवर सगळे सेन्सर तपासायचे. त्यात ऑक्सिजन नसल्याने त्याचाही शून्य त्याच वेळी तपासून होतो.

एखाद्या सेन्सरची बेरीज दोन दिवस वरच राहिली आणि तुलनेच्या रानात तसं काही नसलं, तर माणूस पाठवायचा. हातातला मोजणी डबा जमिनीवर उपडा ठेवून दर पाच मीटरवर वायू किती वेगाने निघतोय ते मोजलं की ठिपका सापडतो. मग नमुना प्रयोगशाळेत. इथे पीक मध्ये येतं. ज्वारी, ऊस, मका यांच्या कार्बनमध्ये जड कार्बन-१३ थोडा जास्त असतो, सोयाबीन, कापूस, तुरीत कमी, आणि कोळशाचा कार्बन सोयाबीनच्या जवळ जातो. ज्वारीच्या रानात कोळशाचा वायू उठून दिसतो, सोयाबीनच्या रानात लपतो. अशा वेळी कार्बन-१४ निकाल देतो. त्याचं अर्धआयुष्य ५,७३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं जुन्या कोळशात तो उरलेलाच नसतो. तपासणी महाग आहे, म्हणून ती शेवटी.

विहीर

मराठवाड्यात एका जागेला मात्र या सगळ्या चाळणीची वाट पाहायची नाही. आड आणि विहीर. गाळ काढायला उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. विझला तर उतरायचं नाही. कंदील विझतो तो मुख्यतः ऑक्सिजन घटल्यामुळे, साधारण १६ टक्क्यांच्या आसपास. कुजण्याने साचलेल्या वायूत ही परीक्षा बरी चालते, कारण तिथे सीओटू वाढतो तसा ऑक्सिजन घटतो. साठ्यातून आलेला वायू १० टक्के साचला तरी ऑक्सिजन १८.८ राहतो. कंदील तेवत राहील, आणि उतरलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकेल. ४ टक्क्यांनाच ती हवा जिवाला धोक्याची मानतात.

त्यामुळे साठ्याच्या परिसरातल्या प्रत्येक विहिरीत सेन्सर हवा, आणि तिथे बेरीज वगैरे पाहायची नाही. अर्धा टक्का झाला की काठावरचा लाल दिवा लागला पाहिजे, गेटवे चालू असो वा नसो. विहिरीतलं पाणी आषाढात चढतं, वैशाखात तळाला जातं, तेव्हा सेन्सर एका उंचीवर बांधून उपयोग नाही. तो तरंगत्या डब्यावर बसवायचा, पाण्याच्या हातभर वर, आणि वायरला विहिरीच्या पूर्ण खोलीएवढी ढील ठेवायची. मोटारीच्या पाइपात ती अडकू नये म्हणून समोरच्या कडेला, कड्यांतून ओवून.